आडातला नेचा

परभणी जिल्ह्यात नेचा उगवत नाही, असं मी एकोणतीस वर्षं वर्गात सांगत आलो. नववीच्या विज्ञानात वनस्पतींच्या वर्गीकरणाचा पाठ आहे. त्यात नेचा येतो. मूळ, खोड, पान सगळं आहे, पण फूल नाही, फळ नाही, बी नाही. पानाच्या मागच्या अंगाला बारीक ठिपके धरतात, त्यात बीजाणू असतात आणि त्यांच्यावर पुढचा वंश चालतो. हे सांगून झालं की दरवर्षी एक तरी पोरगं विचारायचं, "सर, कुठं असतंय हे?" मी म्हणायचो, "आपल्याकडं नसतंय. कोकणात असतंय." पोरं मान हलवायची. कोकणात समुद्र असतो, आंबे असतात, तसा नेचाही असतो. परीक्षेत आला तर लिहायचा.

मला याचा राग यायचा. पोरांचा नाही, पुस्तकाचा. ज्यांनी तो पाठ लिहिला त्यांच्या घरामागच्या भिंतीवर, नळाच्या गळतीखाली, कौलाच्या वळचणीला नेचे आपोआप येत असणार. त्यांना खिडकीतून हात बाहेर काढला की पान मिळत असेल. आमच्याकडे खिडकीबाहेर गाजरगवत, रुई, तरवड आणि बाभूळ. गावाला गोदावरी जवळ आहे म्हणून ऊस हिरवा दिसतो, पण हवा कोरडीच. लिहिणारे लोकही जिथले असतील तिथलंच लिहितात. ओल्या भिंतीवरच्या हिरव्या पानांची वर्णनं मी पुष्कळ वाचली, सगळी सह्याद्रीच्या त्या अंगाची. सोनपेठच्या बाजाराला गेलेल्या माणसानं वाटेत नेचा बघितला, असं कुठं लिहिलेलं माझ्या वाचण्यात नाही.

येत्या मे महिन्यात मी निवृत्त होतोय. निवृत्तीआधी लोक घराचं काम काढतात, मुलीचं लग्न उरकतात. मी एकच गोष्ट मनात धरली होती. आपल्या मुळांवर उभा असलेला, जिवंत नेचा एकदा तरी वर्गाला दाखवायचा. बायको म्हणाली, "तुम्हाला दुसरं काही सुचत न्हाई का?" नाही सुचत. एखादी गोष्ट नुसती चित्रावरून एवढी वर्षं शिकवत राहायची, म्हणजे न बघितलेल्या पाहुण्याची तारीफ करत राहण्यासारखं आहे. शेवटी शेवटी आपल्यालाच खोटं बोलल्यासारखं वाटतं.

प्रयत्न मी केले नाहीत असं नाही. कॉलेजात असताना परभणीच्या प्रयोगशाळेत बाटलीतला नेचा बघितला होता, औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवलेला. पिवळा पडलेला, लोणच्यातल्या मिरचीच्या रंगाचा. नोकरी लागल्यावर रोपवाटिकेतून कुंडी आणली. ती होळीपर्यंत टिकली. दुसरी कुंडी मी न्हाणीघरात ठेवली, ती एप्रिलमध्ये गेली. तिसरीला मी ओलं पोतं गुंडाळलं, दिवसातून चारदा पाणी मारलं, ती मुळातून कुजून गेली. तेव्हापासून बायकोनं घरात कुंडी आणायला बंदी केली.

मग अझोला. जनावरांना खायला घालतात ती पाण्यावर तरंगणारी हिरवी शेवाळासारखी वनस्पती, ती खरं म्हणजे नेच्याच्याच कुळातली. आमच्या शेजारचा शेळ्या राखणारा माणूस प्लास्टिकच्या कागदाच्या हौदात अझोला करतो. मी मोठ्या उत्साहानं त्याला सांगायला गेलो की, बाबा रे, तुझ्या हौदात नेचा आहे. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, शेळी खाती ना? मग असू द्या काय असंल ते." मी बादलीभर अझोला वर्गात नेला. पोरं म्हणाली, "सर, हे तर शेळ्यांचं हाय." पुस्तकातल्या चित्राशी त्याचा काही मेळ बसेना. पोरांचा दोष नव्हता. मलाही तो बसत नव्हता.

आमच्या संस्थेच्या गंगाखेडच्या शाखेत मी बारा वर्षं होतो. तिथं उर्दू शिकवणारे एक सर होते, त्यांना कुठल्याही शब्दाचं मूळ विचारावं. नेचा म्हटल्यावर ते हसून म्हणाले, "आमच्यात तर हुक्क्याच्या नळीला नेचा म्हणत्यात." मग मी बाटलीतल्या नेच्याचं वर्णन केल्यावर त्यांना त्यांच्या वडिलांचा खोकला आठवला. हकीम द्यायचे ती सुकी पानं, परसियावशान. दुसऱ्या दिवशी त्यांनी काष्ठौषधीच्या दुकानातून पुडी आणून दिली. पुडीवर मराठीत हंसराज लिहिलेलं. आत चुरा झालेली पानं आणि काळ्या, तारेसारख्या काड्या. एक नाव संस्कृतातलं, एक फारसीतलं, एक पुस्तकातलं आणि झाड कुठंच नाही. मी तो चुरा काचेवर पसरून पोरांना दाखवला. एकाला शिंका आल्या आणि अर्धा हंसराज उडून गेला.

राहता राहिला सत्काराचा गुच्छ. परभणी जिल्ह्यात नेचा नेमानं येतो तो याच वाटेनं. पाहुणे येतात, त्यांच्या हातात गुच्छ देतात, पुढं तीन लाल फुलं आणि मागं आधाराला नेच्याचं एक पान. पाहुणे गुच्छ टेबलावर विसरून जातात. यंदाच्या पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर मी नेहमीप्रमाणे ते पान काढून घेतलं आणि उलटं करून बघत बघत घरी आलो. ठिपका एकही नाही. कोवळी पानंच पाठवतात, ठिपके धरायच्या आत कापलेली.

माय ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. माझी माय पंच्याहत्तरीच्या पुढं आहे, कानानं ठीक, डोळ्यानं बरी, जिभेनं पहिल्यासारखीच. तिनं माझ्या हातातलं पान बघितलं.

"हे कुठनं आणलंस?"

"सत्काराच्या गुच्छातलं आहे. याला नेचा म्हणतात."

तिनं पान बोटांत धरून दाबलं. "राठ हाय. आपल्या आडातलं लय नाजूक असतंय."

"कुठल्या आडातलं?"

"गावातल्या. दुसरा कुठला आड हाय?" आणि पुन्हा तांदळात बोटं घालून ती म्हणाली, "काडी काळी कुळकुळीत असती त्याची, बाईच्या केसावाणी. आन् पाणी पडलं तरी पाला भिजत न्हाई. झटकला की कोरडा."

मी उभाच राहिलो. काळी काडी आणि न भिजणारं पान. हंसराजाची पुस्तकातली ओळख हीच. माझी माय शाळेत गेलेली नाही, कोकणात गेलेली नाही, माझ्या कुठल्याही वर्गात बसलेली नाही. हे बघितल्याशिवाय तिला सांगता येणं शक्य नव्हतं.

"तुला कसं ठाऊक?"

"बघितलंय."

"कधी?"

"बघितलंय म्हणलं ना. सर बाजूला, उजेड अडला."

आता आडाबद्दल सांगायला हवं. आड म्हणजे गावाच्या पिण्याच्या पाण्याची अरुंद, गोल विहीर. आमच्या गावचा आड मारुतीच्या देवळासमोर आहे, काळ्या दगडानं बांधलेला, कमरेइतका कठडा, वर लोखंडी चाक. आमच्या घरापासून चालत पाच मिनिटं. पण आमची वस्ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि त्या आडाचं पाणी आमच्यासाठी नव्हतं. आमच्या बाया ओढ्याच्या वाळूत झिरा खणून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. मी पाचवीत असताना वस्तीत हापसा आला, आता घरोघरी नळ आहे. माझ्या जन्माच्या आधीच आमच्या घरानं बौद्ध धम्म घेतला होता. भिंतीवर तसबीर होती, वडील शिकलेले होते, देवळाशी आमचं काही देणंघेणं नव्हतं. तरी मला शाळेत पाठवताना माय एक गोष्ट रोज सांगायची. "आडाच्या कडंनं जायचं न्हाई. आपली सावली पडती." म्हणून मी आणि माझे भाऊ देवळाच्या मागून, नालीच्या काठानं शाळेत जायचो.

पुढं सगळं बदललं. मी सर झालो. त्याच गावात, त्याच शाळेत. ज्यांच्या घरांपुढून जायला आम्ही भ्यायचो त्यांची नातवंडं माझ्या पाया पडतात. आणि मी अजूनही मोटारसायकल देवळाच्या मागूनच नेतो. कुणी सांगितलेलं नाही, कुणी अडवत नाही. हॅंडलच तिकडं वळतं. त्या दिवशी तांदूळ निवडणाऱ्या मायपुढं उभं असताना हे मला पहिल्यांदा कळलं. सत्तावन्न वर्षांत मी त्या आडात एकदाही वाकून बघितलेलं नव्हतं. तीन कुंड्या मारल्या, हकिमाची पुडी आणली, शेळ्यांचा हौद उपसला, आणि गावातल्या आडात डोकावायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. एवढा संताप आला की कुणावर काढावा कळेना. रात्री जेवताना मी मीठ कमी आहे म्हणून बायकोवर ओरडलो. मीठ बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या आधी मी आडावर गेलो. समोरच्या घरातले म्हातारे ओट्यावर बसले होते. मला बघून उठले. "या सर, या. काय बघायलात?"

मी म्हणालो, आडात एक वनस्पती आहे असं ऐकलं, ती बघायची होती.

"ती होय? गवत हाय कसलं तरी, आतल्या दगडात. गाळ काढणारे त्याला हात लावीत नसत. ते उपटलं की झरा जातो म्हणायचे." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "गाळ काढायला तुमच्याकडचीच माणसं असायची. त्यांना ठावं."

नाव विचारलं तर त्यांना नाव माहीत नव्हतं. जन्मभर त्या आडाचं पाणी काढलेल्या माणसाला नाव माहीत नव्हतं, म्हणजे गावात ते कुणालाच माहीत नसणार. "बघा की," ते म्हणाले. "आता बघायचं तर लवकर बघा. सोमवारपासून वर स्लॅब टाकायलेत. गेल्या महिन्यात शेळी पडली. आन् नळ आल्यापासून पाणी काढतंय कोण? म्हशी धुवायला, न्हाई तर बांधकामाला."

कठडा माझ्यापासून चार पावलांवर होता. मी उभा राहिलो. माझे पाय पुढं गेले नाहीत. त्यात काही गूढ नाही, नुसते गेले नाहीत. म्हातारे चहाचं विचारत होते, ऊन चांगलं पडलं होतं, बाजूनं शाळेची पोरं "गुड मॉर्निंग सर" म्हणत जात होती. मी खिशातून फोन काढला, कानाला लावला, "हो हो, निघालोच" असं पलीकडं कुणी नसताना म्हणालो आणि देवळाच्या मागून शाळेत गेलो. आयुष्यात मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

घरी आल्यावर मी मायला सांगितलं की सोमवारी आड झाकतायत. फोनचं नाही सांगितलं. ती म्हणाली, "मग पोरांना आधी दाखव. तुला दाखवायचंय ना?"

"उपटून कुंडीत लावतो. झाकल्यावर अंधारात मरणारच आहे."

"उपटू नको. तुझ्या हातानं कुंडीत काय जगलंय आजपर्यंत?"

हे बरोबर होतं. शनिवारी सकाळची शाळा, तेव्हाच पोरांना आडावर नेता येणार होतं. आधी मी ग्रामसेवकांना भेटलो. स्लॅबऐवजी लोखंडी जाळी टाका, उजेड आत जाऊ द्या, असं म्हणालो. ते म्हणाले, "सर, अंदाजपत्रक स्लॅबचं मंजूर आहे." त्यांनी मला कागद दाखवला. कागदावर स्लॅबच होता. मी फार भांडलो नाही. माझं काम शनिवारपर्यंतचं होतं, सगळ्या जगाचा नेचा वाचवायला मी निघालो नव्हतो.

मुख्याध्यापिका जास्त अवघड निघाल्या. "सर, नेचा दाखवायला तुम्ही पोरांना विहिरीत डोकवायला लावणार? एखादं पडलं तर मी काय उत्तर देऊ?" त्यांचं चुकत नव्हतं, म्हणूनच मी चिडलो. म्हणालो, मॅडम, मी एकोणतीस वर्षं खडूनं नेचा काढतोय, माझं चित्र इतकं वाईट आहे की पोरं त्याला मोरपीस समजतात. त्या हसल्या नाहीत. शेवटी ठरलं ते असं. एका वेळी पाच पोरं, कठड्यापासून हातभर अलीकडं उभं राहायचं, मागून खेळाचे सर दोर धरून थांबणार आणि पाच मिनिटांत परत.

शनिवारी मी निघताना माय काठी घेऊन दारात उभी. "मी येते."

"तू कशाला? ऊन आहे."

"तुझ्या शाळंत येत न्हाई. आडावर येते."

आम्ही दोघं चालत गेलो. देवळाच्या मागच्या वाटेला मी वळणार तर ती सरळ पुढून चालू लागली, काठी टेकत, सावकाश. मी तिच्या मागं गेलो. आडाजवळच्या कडुलिंबाखाली दगडावर ती बसली. ऊन नुकतंच आडात उतरत होतं.

पोरं आली. पहिल्या पाचांत आमच्या गल्लीतली एक मुलगी होती, वर्गात सतत बडबडणारी. तिला थांब म्हणायच्या आत ती दोन्ही हात कठड्यावर टेकून आत वाकली. तिच्या शेजारी समोरच्या म्हाताऱ्यांचा नातू. दोघांची डोकी एकमेकांना लागत होती. "सर, दिसलं! सर, हलायलंय ते!" आतून तिचा आवाज घुमून बाहेर आला. पाच गेली, पाच आली. कुणी आपला हात कुठं टेकलाय, सावली कुठं पडलीय हे बघितलं नाही. पोरं वाकत होती, ओरडत होती, एकमेकांना ढकलत होती आणि खेळाचे सर दोर सांभाळत शिव्या गिळत होते. मी मागं उभा राहून डोकी मोजत होतो आणि मोठ्यानं सांगत होतो, "पानाच्या मागच्या बाजूला कडेनं तपकिरी पट्ट्या दिसतील, त्यात बीजाणू असतात." सांगत होतो, पण मी अजून बघितलेलं नव्हतं.

मायला ते कळलं. तिनं काठीनं माझ्या पायाला टोचलं. "तू बघितलंस का?"

"पोरांचं झालं की बघतो."

"आता बघ."

मी पुन्हा पोरांची डोकी मोजू लागलो.

"वाक की," ती म्हणाली. "कोण धरलंय तुला?"

मी चार पावलं पुढं गेलो, एका पोराला बाजूला केलं, कठड्यावर हात ठेवले आणि वाकलो. दगड थंड होता. दोन पुरुष खोलीवर बांधकामातला एक दगड पुढं आलेला, त्याच्या फटीतून पाणी झिरपत होतं आणि त्या ओलीवर तो होता. हातभर रुंदीचा झुबका, काळ्या बारीक काड्या, त्यावर पंख्यासारखी लहान लहान पानं. थेंब पानावर पडायचा, घरंगळायचा आणि पान कोरडंच. मधोमध दोन नवीन पानं, अजून गुंडाळलेली, उलगडायच्या बेतात असलेली. पुस्तकात असतं तसं, आणि अजिबात तसं नाही. मला रडू आलं. वर्गापुढं मी कधी रडलो नव्हतो. शेजारच्या मुलीनं विचारलं, "सर, काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही, नीट बघ, परीक्षेत येतं."

पोरं परत गेली. खेळाचे सर दोर गुंडाळून गेले. म्हातारे चहा सांगायला आत गेले. माय म्हणाली, "जरा पाणी काढ."

"कशाला? आपण घरी जातोय."

"काढ म्हणलं ना."

चाकावर दोराला पत्र्याचा पोहरा बांधलेला होता, गावाचा. मी तो आत सोडला. दोर मला नीट सोडता येईना, पोहरा दगडावर आपटत गेला. वर ओढताना अर्धं पाणी सांडलं. माय हसली. पोहरा मी तिच्यापुढं ठेवला. तिनं हात बुडवला आणि ओठाला लावला. मी म्हणालो, "माय, पिऊ नको. यात औषध टाकलेलं नाही, कुणी तपासलेलं नाही." तिनं दोन घोट घेतले, पदरानं तोंड पुसलं.

"अजून गोड हाय," ती म्हणाली.

"अजून म्हणजे?"

ती आडाकडं बघत सांगू लागली, बाजाराचा हिशेब सांगावा तसं, आवाज न चढवता.

"मोठ्या दुष्काळात हा आड आटला हुता. गडीमाणसं सगळी तळ्याच्या कामावर. गाळ काढायला आपल्या गल्लीतल्या आमा चार बायांना बोलावलं. कंबरंला दोर बांधून खाली सोडायचे. खाली टोपली भरायची, वरचे वढून घ्यायचे. प्यायला आपलं मडकं, ते वर, ह्याच लिंबाखाली. दुपारीच सरलं ते. आन् तू चार वर्साचा, त्या मडक्यापाशी बसवलेला. रडून रडून घसा बसला तुझा. मला खाली सगळं ऐकू यायलतं."

"मग?"

"मग काय. त्या पाल्याखाली बारीक झरा हुता. थेंब थेंब पडायला. वर बघितलं, कुणी वाकलेलं न्हाई. दगडाच्या खाचांत पाय देत तिथवर चढले, पाला पुढं वढून घेतला आन् त्याच्याआड तोंड लावलं. आधी मी पेले. लय तान लागली हुती. मग पदराचं टोक झऱ्याला धरलं, गच्च भिजवलं आन् कंबरंला खोचलं. वर आल्यावर तुझ्या तोंडात पिळलं. तू चोखून घेतलंस."

मला काहीच आठवत नव्हतं. मी लिंबाखालच्या जमिनीकडं बघितलं. तिथं आता पेव्हर ब्लॉक आहेत.

"कुणाला कळलं नाही?"

"कळलं असतं तर मी इथं बसले असते का? दोन दिसांनी गोमूत्र शिंपडून घेतलं त्यांनी आडात. मग गावानं पाणी भरलं. आमी पुन्हा झिऱ्यावर."

"मला एवढ्या वर्षांत सांगितलं का नाहीस?"

"तू मास्तर. गावभर शिकवलं असतंस."

तिनं पोहरा दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्याकडं केला. "घे. तुबी पी."

मी खाली बसलो, ओंजळ केली आणि तिच्यापुढं धरली.

माय पाणी ओतेना. मी वर बघितलं. ती माझ्या हातांकडं बघत होती.

"वंजळ काय करतूस?" ती म्हणाली. "पोहरा धर. धर, आन् उभा राहून पी."